वायरलेस स्पीकर जोडला की फोनची व्हॉल्यूमची बटणं नक्की कुणाची?

विश्रामबागी (धागाकर्ता) · शनिवार, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. मी सांगलीत घरून काम करतो आणि नोकरीतून उरलेल्या वेळात रियाजासाठी एक अँड्रॉइड ॲप लिहितोय. तंबोरा आणि तबल्याचा ठेका, एवढंच. ॲप फोनवर, आवाज मात्र बहुतेकांना ब्लूटूथ नाहीतर वाय-फाय स्पीकरवर हवा असतो. घोळ तिथूनच सुरू होतो.

आवाज तीन ठिकाणी ठरतो. ॲपच्या आत तंबोरा किती आणि तबला किती, फोनची मीडियाची पातळी, आणि स्पीकरची स्वतःची पातळी. फोनच्या कडेला बटणं मात्र दोनच. ती दाबल्यावर यातलं काय हलावं?

माझं मत सांगतो, झोडपा. बटणांनी जो आवाज कानावर येतोय तो सगळाच्या सगळा कमी-जास्त व्हावा. म्हणजे स्पीकर. ॲपने ती बटणं पळवून आपल्या आतल्या कामाला लावू नयेत. पण ॲप वापरून बघणाऱ्या मिरजेच्या एका गायनशिक्षिकेचा आग्रह आहे की बटणांनी फक्त तंबोरा हलावा. दुसरी कटकट वाय-फाय स्पीकरची. बटण दाबलं की पडद्यावरची पट्टी पुढे जाते, मागे येते, परत पुढे जाते. यातून गेलेलं कुणी आहे का इथे?

भडंग_विथ_चहा · ९:५२

पहिला! समजलं काही नाही, पण खुर्ची धरून बसलोय. भडंगाची पुडी फोडलीय.

कोयनाकाठ · १०:१५

आधी ब्लूटूथचं सांगतो, कारण तिथे निम्मी भांडणं गैरसमजातून होतात.

ब्लूटूथवर गाणं एका वाटेने जातं आणि 'थांब, पुढचं लाव, आवाज वाढव' हे हुकूम दुसऱ्या वाटेने. त्या दुसऱ्या वाटेचं नाव एव्हीआरसीपी. तिच्या १.४ आवृत्तीपासून ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम आलं, म्हणजे फोन स्पीकरला थेट सांगतो 'तू अमुक पातळीवर जा'. पातळी ० ते १२७. स्पीकरवरचं बटण कुणी दाबलं तर तोही फोनला उलट कळवतो. ज्या जोडीला हे जमतं तिथे फोन आणि स्पीकर मिळून आवाज एकच. अँड्रॉइडमध्ये ही सोय आवृत्ती ६ पासून आहे.

ज्या स्पीकरला हे जमत नाही तिथे फोन स्वतःच ध्वनीचे आकडे बारीक करून पाठवतो आणि स्पीकर आपल्या जागी ढिम्म. मग आवाज दोनदा ठरतो. फोन खाली ठेवून स्पीकर पूर्ण चढवला की मागची खरखर ऐकू येते, कारण आकड्यांत दर ६ डेसिबल खाली आलं की एक बिट वाया जातो. फोन वर आणि स्पीकर बेताचा, हे चांगलं.

तेव्हा विश्रामबागी, ब्लूटूथच्या बाबतीत तुम्ही काहीच करू नका. तिथे सिस्टिमला कळतं ते ॲपला कळत नाही.

लगा_नाद_खुळा · १०:२१

आमच्या स्पीकरला फोनवर पहिल्या पायरीलाच घर हादरतंय ओ. त्याच्या खाली थेट मुका. मध्ये काय न्हाईच. कंपनीचं नाव घेत न्हाई, फुकट जाहिरात कशाला.

कोयनाकाठ · १०:३०

@लगा_नाद_खुळा, त्याला ० ते १२७ चा आकडा मिळतो, पण त्यावरून आवाज किती द्यायचा हे त्याच्या कारखान्यात ठरलेलं असतं आणि ते नीट ठरवलेलं दिसत नाही. फोनच्या सेटिंगमधल्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'डिसेबल ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम' असा खटका असतो तो चालू करा, स्पीकर काढून परत जोडा. मग स्पीकर त्याच्या बटणाने मध्यावर ठेवा आणि बाकीचं फोनवरून.

लगा_नाद_खुळा · १०:५८

झालं ओ दादा!! आई झोपलीय बाजूच्या खोलीत आणि मी गाणं ऐकतोय. पहिल्यांदाच.

खर्ज_षड्ज · रविवार, सकाळी ७:१०

ती मिरजेची गायनशिक्षिका मीच. माझी बाजू मीच मांडते.

पहिलं म्हणजे, आमच्या गावच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि आमच्याच गावात हा मुलगा फोनमधला तंबोरा घेऊन आला. तरी मी वापरतेय, यावरून माझा मोठेपणा समजा. (हलके घ्या.)

आता मुद्दा. माझे दोन्ही हात पेटीवर. समोर विद्यार्थी बसलेले. आलापी चालू असताना तंबोरा पुढे हवा, बंदिश सुरू झाली की ठेका पुढे आणि तंबोरा जरा मागे. हे गाण्यात दहा वेळा होतं. त्या वेळी मला पडद्यावरची ती केसाएवढी पट्टी बोटाने पकडायला सांगू नका. कडेचं बटण न बघता सापडतं.

दुसरं, फोनच्या पायऱ्या फार मोठ्या आहेत. एका पायरीवर जवारी, म्हणजे तारांची ती गुंज, ऐकूच येत नाही, पुढच्या पायरीवर तंबोरा गळ्यावर बसतो. मला हवा असतो तो आवाज नेहमी दोन पायऱ्यांच्या मध्ये राहतो.

कोयनाकाठ · ७:४५

ताई, पायऱ्यांचं तुमचं म्हणणं सोळा आणे. मूळ अँड्रॉइडमध्ये मीडियाला १५ पायऱ्या आहेत, काही कंपन्या वाढवतात. आयफोनला १६. स्पीकरला १२७ पर्यंत समजतं, पण आपण बोटाने देतो १५ च. रस्त्यावर गाणी ऐकायला ठीक, तंबोरा जुळवायला नाही.

रेडिओ_दुरुस्ती_हरभटरोड · ९:०५

मी सॉफ्टवेअरवाला नाही, रेडिओ-ॲम्प्लिफायर दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं. पण ताईंचा त्रास माझ्या ओळखीचा आहे.

जुन्या सेटला व्हॉल्यूमची जी खुंटी असायची तिच्या आत पॉट असतो, म्हणजे फिरवून विजेचा रोध बदलणारा भाग. पॉट दोन प्रकारचे, लॉग आणि लिनिअर. आवाजाला लॉग लागतो, कारण कानाला दुप्पट वाटायला ताकद दुप्पट करून भागत नाही, कितीतरी जास्त लागते. घाईत कुणी लिनिअर बसवून दिला की खुंटी पाव फिरवेपर्यंत सगळा आवाज येऊन जातो, उरलेल्या पाऊण फेऱ्यात काही फरकच नाही. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत येतं, "काका, खुंटी बिघडवली तुम्ही." हल्लीचे पॉट आले तर पाठीवर ए आणि बी लिहिलेलं बघा. ए म्हणजे लॉग, बी म्हणजे लिनिअर. पण फार जुन्या किंवा परदेशी मालावर ही अक्षरं उलटी असू शकतात, मीटर लावूनच खात्री करा.

तुमच्या ॲपमध्ये पट्टी अर्धी केली की आकड्याला अर्ध्याने गुणता का? मग तुम्ही बी बसवलाय.

विश्रामबागी · ९:३२

काका, दंडवत. ॲपमधल्या तंबोऱ्याच्या पट्टीला सरळ गुणाकारच आहे. आजच बदलतो.

पाइपवायर_पांडू · ९:५०

काकांना +१. लिनक्समध्ये आवाज सांभाळणारं पल्सऑडिओ घनाचं सूत्र वापरतं. पट्टी ५०% म्हणजे ०.५ चा घन, ०.१२५, म्हणजे सुमारे उणे १८ डेसिबल. पट्टीची हालचाल कानाला बरीच सारखी वाटते. एका ओळीचं काम आहे, घन करा आणि मोकळे व्हा.

माझ्या लॅपटॉपवर त्याच्या जागी आलेलं पाइपवायर आहे. ब्लूटूथ हेडफोनचा आवाज हार्डवेअरने बदलायचा की सॉफ्टवेअरने, हे त्याच्या वायरप्लंबर या जोडीदाराच्या सेटिंगमध्ये ठरवता येतं. विंडोजवाल्यांना त्यासाठी रजिस्ट्री उकरावी लागते. बसा उकरत.

विंडोजवाली_वाईकर · १०:०२

उकरली, चाललं, दोन मिनिटांत. तुमच्यासारखं शनिवार-रविवार कर्नल बांधत बसत नाही आम्ही.

भडंग_विथ_चहा · १०:०४

आला, आला, लिनक्स-विंडोज आला! दुसरी पुडी.

ठोसेघर_धबाबा · ११:२०

एक खरा किस्सा. आमच्या गावच्या भजनी मंडळाने ब्लूटूथ स्पीकर घेतला, सप्ताहात दुपारी अभंगांच्या ध्वनिफिती लावायला. फोन आमच्या पुतण्याचा. त्याच फोनला त्याने फोटो काढायचं ते छोटं रिमोट जोडून ठेवलेलं, बोटाएवढं. महाराज आसनावर बसले, हा कॅमेरा उघडायला विसरला आणि फोटो काढायला रिमोट दाबत सुटला. फोटो एक नाही. स्पीकर मात्र प्रत्येक दाबागणिक चढत गेला. शेवटी म्हातारे कानावर हात ठेवून उठले. पुतण्याला वाटलं स्पीकरमध्ये भूत आहे.

कोयनाकाठ · ११:३१

😄 भूत नाही. ती रिमोटं फोनला 'मी कीबोर्ड आहे' असं सांगतात आणि बटण दाबलं की चक्क 'व्हॉल्यूम वाढव' ही कळ पाठवतात. कॅमेरा उघडा असेल तर तो त्या कळीचा अर्थ फोटो काढ असा घेतो. उघडा नसेल तर कळ आपलं मूळ काम करते.

आणि बघा, यातच धाग्याचं उत्तर आहे. कॅमेरा ॲप बटणं पळवतंच की. लोकांना ते आवडतं. तेव्हा 'ॲपने कधीच हात घालू नये' हे काही मला पटत नाही. कॅमेऱ्यात आवाज नसतो म्हणून ते खपतं. जिथे आवाज चालू आहे तिथे नाही खपणार.

खर्ज_षड्ज · ११:४०

म्हणजे माझ्या बाजूने बोलायला लागलात आणि शेवटच्या वाक्यात पलटलात.

सातारा_रात्रपाळी · १२:१५

आमच्याकडे गणपतीत खरं व्हॉल्यूमचं बटण पोलिसांकडे असतं. रात्री १० वाजले की खट्ट.

रेडिओ_दुरुस्ती_हरभटरोड · १२:२२

२००० सालच्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे, पण वस्तीत दिवसासुद्धा मर्यादा ५५ डेसिबलचीच आहे, रात्री ४५. आपण इथे फोनवरच्या एका पायरीवर भांडतोय आणि मिरवणुकीत माझ्या दुकानाचं शटर थरथरतं.

विश्रामबागी · १२:३०

काका, सातारकर, त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो पहिला प्रतिसाद द्यायला. इथे बटणं.

आवाजी_वाचक · १२:५५

मी पूर्ण अंध आहे, बासरी वाजवतो. फोन टॉकबॅकवर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या सोयीवर चालवतो. वरच्या चर्चेत कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणून लिहितो.

ही दोन बटणं आमच्यासाठी फक्त आवाजाची नाहीत. दोन्ही एकदम काही सेकंद दाबून धरली की टॉकबॅक चालू-बंद करता येतो. टॉकबॅक बोलत असताना एक बटण दाबलं तर गाण्याची नव्हे, त्याच्या बोलण्याची पातळी बदलते. एखादं ॲप बटणं आपल्याकडे ओढून घेतं तेव्हा माझ्या बोटाला काय होणार हे मला आधी कळत नाही, आणि पडदा बघून समजून घ्यायची सोय मला नाही. खर्ज_षड्ज ताई, तुम्हाला बटण न बघता सापडतं म्हणून हवंय. मला ते त्याच कारणासाठी तसंच राहायला हवंय.

खर्ज_षड्ज · १:२०

हे मला सुचलंच नसतं. तुमचा मुद्दा मान्य, दादा. पण माझी अडचण तशीच आहे, पेटीवरचे हात काही सुटत नाहीत.

पाइपवायर_पांडू · २:१०

बटणांवरून आपणच भांडतो असं नाही. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने निकाल दिला की गुगलने सोनोस या स्पीकर कंपनीच्या ५ पेटंटांचा भंग केलाय. त्यानंतर गुगलने जाहीर केलं की अनेक स्पीकरांच्या गटाचा आवाज एकदम बदलता येणार नाही, प्रत्येकाचा वेगळा बदला, आणि फोनच्या कडेच्या बटणाने गटाचा आवाज हलणार नाही. स्वयंपाकघर ते हॉल असे स्पीकर मांडलेल्या लोकांनी काय शिव्या दिल्या असतील!

भडंग_विथ_चहा · २:१४

बटण दाबायला वकील लागणार म्हणजे आता.

कृष्णाकाठचा_कोडर · ३:४०

मूळ प्रश्नातली पट्टीची नाचानाच कुणी घेतलीच नाही. मी हेच काम पगारावर करतो, कंपनीचं नाव सोडा.

पट्टी का नाचते ते आकड्यांनी बघा. फोनला १५ पायऱ्या, मधली भाषा १२७ ची, आणि समजा स्पीकरला आतून १६ पायऱ्या. तुम्ही ६ वरून ७ वर गेलात. ७ गुणिले १२७ भागिले १५, अपूर्णांक टाकून ५९. स्पीकर ५९ चं आपल्या पायरीत रूपांतर करतो, मिळतात ७. मग तो इमानदारीने कळवतो, 'मी ७ वर आहे', म्हणजे १२७ च्या भाषेत ५५. फोन ५५ परत १५ च्या भाषेत नेतो. ६.४९. अपूर्णांक टाकला, ६! तुम्ही ७ दाबलं, पट्टी ६ वर परतली. परत दाबा, परत ६. माणूस म्हणतो बटण अडकलं. बटण नाही, भागाकार अडकलाय.

यावर दुसरा राडा. काही ॲप्स स्पीकरकडून आलेली बातमी ऐकून लगेच तोच आकडा हुकूम म्हणून परत पाठवतात. स्पीकर तो पाळून परत बातमी देतो. वाय-फायवर यात उशीर मिसळला की तीन दाबांपूर्वीची बातमी आत्ता येते आणि पट्टीला मागे खेचते.

माझा नियम असा. 'हवी असलेली पातळी' आणि 'कळलेली पातळी' हे दोन वेगळे आकडे ठेवा. बोट बटणावर असताना आणि उचलल्यावर अर्धा सेकंद फक्त हवा असलेला आकडा दाखवा. बातमी आली तर नोंद करा, पण हुकूम काढू नका, कधीच. बटण दाबून धरलं तर प्रत्येक पायरीला हुकूम नको. आधीचा पोचेपर्यंत थांबा आणि मग फक्त शेवटचा पाठवा. आणि बातमीतला आकडा तुमच्या आकड्याच्या एका पायरीच्या आत असेल तर तुमचाच खरा धरा.

कोयनाकाठ · ३:५८

झकास. यात भर एवढीच की एव्हीआरसीपीत 'आवाज बदलला की कळव' ही विनंती एकदाच चालते. एक बातमी आली की नोंदणी संपली, परत नोंदवावी लागते. ज्या फोनच्या किंवा लॅपटॉपच्या सॉफ्टवेअरमध्ये हे राहून गेलंय तिथे स्पीकरवर पहिल्यांदा दाबलेलं बटण त्याच्या पट्टीवर दिसतं आणि दुसऱ्यापासून दिसत नाही.

ब्लूटूथच्या नव्या एलई ऑडिओत मात्र शहाणपणा केलाय. पातळी ० ते २५५, आणि सोबत एक मोजणी. आवाज कुणीही बदलला की मोजणी एकने पुढे. तुम्ही हुकूम पाठवताना शेवटची बघितलेली मोजणी जोडायची. ती शिळी असेल तर स्पीकर हुकूम नाकारतो, म्हणजे तुम्ही आधी ताजी पातळी वाचायची. वाय-फायचं तुमचं सामान तुमच्याच हातात असेल तर हीच युक्ती तिथेही लावा. पांडू जे म्हणतील ते म्हणोत, पण ही घनाच्या सूत्रापेक्षा कामाची गोष्ट आहे.

पाइपवायर_पांडू · ४:०५

पांडू काही म्हणत नाही. पांडूने मुकाट्याने लिहून घेतलं.

विश्रामबागी · ५:१५

स्पीकरकडचा तुकडा मीच एका छोट्या बोर्डावर लिहिलाय, त्यामुळे मोजणीची युक्ती लावता येईल. धन्यवाद दोघांनाही.

आता राहिली कुलूपबंद पडद्याची अडचण. रियाज अर्धा तास चालतो, पडदा काळा होतो, आणि मग बटण दाबलं की ॲपच्या खिडकीला कळ मिळतच नाही. फोनची पातळी हलते, वाय-फायचा स्पीकर तसाच.

कृष्णाकाठचा_कोडर · ५:४०

कळ पकडायच्या भानगडीत पडूच नका. मीडियासेशन, म्हणजे 'माझं ॲप काहीतरी वाजवतंय' ही सिस्टिमकडची नोंद, उघडा आणि सिस्टिमला सांगा की वाजवणं दूर कुठेतरी चाललंय, आवाज माझ्या व्हॉल्यूमप्रोव्हायडरला (ॲपमधल्या पातळी सांभाळणाऱ्या तुकड्याला) विचारा. अँड्रॉइड ५ पासून हे आहे. मग पडदा बंद असला तरी सिस्टिमच बटण तुमच्या सेशनकडे वळवते आणि नेहमीची पट्टी तुमच्या स्पीकरची म्हणून दिसते. पायऱ्या किती हेही तुम्हीच सांगायचं, १५ चं बंधन नाही. १०० सांगा.

प्रोव्हायडर तीन तऱ्हांचा. पातळी हलतच नाही, फक्त वर-खाली होते, किंवा नेमका आकडा देता येतो. तुम्हाला तिसरा. गाणं फोनवर परत आणलं की वाजवणं परत स्थानिक करायला विसरू नका, नाहीतर हेडफोनवाला बटण दाबत बसेल आणि शेजारच्या खोलीतला स्पीकर चढेल.

आवाजी_वाचक · ५:५२

याला माझी हरकत नाही. बटण सिस्टिमकडेच राहतं, टॉकबॅक पट्टी वाचून दाखवतो.

विश्रामबागी · रात्री ८:३०

करून बघितलं. वाय-फायला सेशन, ब्लूटूथला अजिबात हात नाही. पडदा बंद असतानाही चालतंय. पायऱ्या १०० ठेवल्यात आणि घनाचं सूत्र बसवलंय. दुरुस्तीवाले काका, आता ए टाइप आहे.

खर्ज_षड्ज ताई, बटणं तुम्हाला देता येत नाहीत, पण नोटेशनची पानं उलटायला कलाकार पायाखाली ब्लूटूथ पेडल ठेवतात ना, ते फोनला पेज-अप, पेज-डाउन किंवा बाणाची कळ पाठवतं. त्या कळांवर दुसरं कुणी अवलंबून नाही. डावा पाय तंबोरा खाली, उजवा वर, प्रत्येक दाबाला १ डेसिबल. चालेल?

खर्ज_षड्ज · ८:४२

पायपेटीच्या पिढीतली नाही मी, पण पाय मोकळेच असतात. चालेल. मात्र तंबोरा खाली आणला तरी खर्ज हरवता कामा नये. तुझ्या त्या डबीएवढ्या स्पीकरवर आधीच खर्ज अर्धा गायब असतो.

रेडिओ_दुरुस्ती_हरभटरोड · ८:५५

ताई, तो दोष ॲपचा नाही. काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास, आणि डबीएवढा स्पीकर १०० च्या खाली फारसं काही देत नाही. त्यात आवाज हळू केला की कानालाच खालचे सूर कमी ऐकू येतात. जुन्या ॲम्प्लिफायरला त्यासाठी लाउडनेसचं बटण असायचं. निदान सहा इंची वूफर असलेला स्पीकर घ्या.

विश्रामबागी · ९:१०

पेडलची एक अट सांगायची राहिली. कुलूप पडलं की पेडलच्या कळाही ॲपपर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे पेडल जोडलेलं असेल तोवर पडदा चालू ठेवतोय. बॅटरी खाईल, चार्जर लावून बसा.

लगा_नाद_खुळा · ९:१८

पेडल सांगलीत मिळतंय का कुठं?

खर्ज_षड्ज · ९:२५

मिरजेत वाद्यांच्या दुकानात विचारते उद्या. नसेल तर मागवून देतील, त्यांना आता सवय झालीय असल्या मागण्यांची.